बोलींच्या नकाशावरील खुणेचे स्थान

भाषिक नकाशावरील प्रत्येक खूण हे एक विधानच असते : अमुक स्थळी अमुक रूप बोलले जाते. झील्येराँ व एदमाँ यांच्या फ्रान्सच्या भाषिक नकाशासंग्रहात (१९०२–१९१०) ६३९ स्थळांची रूपे ध्वनिलेखनात त्या त्या जागीच छापलेली आहेत. मोबाइलच्या लहान पडद्यावर हे साधत नाही. तेथे रूपाच्या जागी चिन्ह येते, आणि त्याबरोबर एक दोषही येण्याचा संभव असतो.

अँड्रॉइडवरील गूगल नकाशात खुणेला अक्षांश-रेखांश द्यावे लागतात व हवे असल्यास स्वतःचे चित्र देता येते. चित्राला लांबी-रुंदी असते. स्थळ मात्र बिंदुरूप. म्हणून चित्रातील कोणता बिंदू स्थळावर टेकवावयाचा, हे ठरवणे प्राप्त होते. त्यास आपण नांगरबिंदू म्हणू. तो न सांगितल्यास चित्राच्या तळाचा मध्य (०.५, १) धरला जातो. टाचणीच्या चित्रास हे योग्यच आहे, कारण तिचे टोक खाली असते. परंतु बोलीभेद दाखवण्यासाठी आपण वर्तुळ किंवा चौकोन योजतो, तेव्हा वाचक चित्राचा मध्य हेच स्थळ समजतो. चित्र मात्र स्थळाच्या उत्तरेस उभे असते.

हा फरक किती? नकाशा लहान-मोठा केला तरी चित्राचा पडद्यावरील आकार बदलत नाही. ४० एककांच्या वर्तुळाचा मध्य २० एकके वर सरकतो. दक्षिण कोकणाच्या अक्षांशावर झूमच्या १५ व्या पातळीवर हे अंतर सुमारे ९० मीटर भरते. ७ व्या पातळीवर तेच सुमारे २३ किलोमीटर होते. म्हणजे सावंतवाडीची खूण कुडाळच्याही उत्तरेस दिसू लागते.

सर्व खुणा सारख्याच सरकल्या, तर त्यांचा परस्परसंबंध टिकतो, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. पण नद्या, घाट आणि राज्यसीमा यांच्याशी असलेला खुणांचा संबंध बिघडतो. बोलीसीमेची कारणमीमांसा आपण बहुधा याच संबंधावर उभारतो. शिवाय काही खुणा टाचणीच्या व काही वर्तुळाच्या असतील, तर परस्परसंबंधही टिकत नाही.

उपाय अगदी साधा आहे : वर्तुळास व चौकोनास नांगरबिंदू (०.५, ०.५) द्यावा, आणि नकाशावरून अनुमान काढण्यापूर्वी एखादे परिचित गाव सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान प्रमाणावर पडताळून पाहावे. दोन्ही ठिकाणी ते जागेवर राहिले, तरच सीमारेषा आखण्यास हात घालावा.