गोळ्यांचा डबा कोणाच्या हाती?

एकादशीचा उपवास. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेतलेली, पोटात मात्र फक्त चहा. दुपारी आजींना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. घरात कोणी नाही. 'उन्हाने झालं असेल,' असे म्हणून त्या आडव्या होतात. खरे तर रक्तातली साखर उतरलेली असते आणि अशा वेळी झोपून राहणे धोक्याचे ठरते.

औषधाच्या वेळा मुलगा सांभाळतो, फाइल सुनेकडे असते. पण त्रास होतो तेव्हा जवळ असतात फक्त आजी. म्हणून शिकवायचे त्यांनाच.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी अशा शिक्षणाचा सहा आठवड्यांचा वर्ग तयार केला. आठवड्यातून एकदा, अडीच तास. शिकवणारे बहुतेकदा स्वतःच दीर्घ आजार असलेले, प्रशिक्षण घेतलेले सामान्य लोक. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्गाला गेलेल्यांचे रुग्णालयात राहणे कमी झाल्याचे दिसले.

त्या वर्गातील एक युक्ती घरीही वापरता येते. 'रोज चालेन' असा मोघम निश्चय नको. 'या आठवड्यात चार दिवस, संध्याकाळी दहा मिनिटे अंगणात चालेन,' असे ठरवा. मग विचारा, 'जमेल याची खात्री दहापैकी किती?' उत्तर सातपेक्षा कमी आले, तर बेत सोपा करा.

शिकवताना एका वेळी एकच गोष्ट सांगा. 'समजलं का?' असे विचारले की ज्येष्ठ मान डोलावतात. त्याऐवजी म्हणा, 'आई, मी नीट सांगितलं की नाही ते बघू. घाम फुटला तर तू काय करशील?' चुकले तर न रागावता पुन्हा सांगा.

या प्रश्नाचे उत्तर असे: साखर तपासा. ७० पेक्षा कमी असेल किंवा तपासणे शक्य नसेल, तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. कमीच असेल तर पुन्हा घ्या. बरे वाटल्यावर काहीतरी खा आणि डॉक्टरांना कळवा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ क्रमांकावर फोन करा.

उपवासाआधी गोळीचे काय करायचे, हेही आजींनीच डॉक्टरांना विचारावे. सोबत आलेल्यांनी तेवढा वेळ गप्प बसावे.