गैरहजेरीमागचे ‘का?’

सकाळची प्रार्थना संपली की वर्गातील पहिले काम म्हणजे हजेरी. शिक्षक नाव पुकारतात, ‘हजर’ असा आवाज येतो आणि हजेरीपटावर खूण होते. ज्या नावाला उत्तर येत नाही त्याच्यापुढे निराळी खूण करून शिक्षक पुढच्या नावाकडे वळतात. मीही कित्येक वर्षे असेच करीत आले. ती निराळी खूण म्हणजे एक न विचारलेला प्रश्न असतो, हे मला फार उशिरा उमगले.

आठवीतील एका विद्यार्थिनीने मला ते शिकविले. मुलगी गणितात हुशार. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आठवड्यातून एखादा दिवस गैरहजर राहू लागली. पुढे दोन दिवस, आणि मग सलग बारा दिवस आलीच नाही. ‘हिचे अभ्यासावरून लक्ष उडाले,’ असा निष्कर्ष मी परस्पर काढून टाकला होता. अखेर एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी लिंबायतमधील तिच्या घरी गेले. वडील लूमवरची रात्रपाळी करून आलेले, गाढ झोपलेले. आई साड्यांच्या कारखान्यात कामाला गेलेली. घर सांभाळणारी आजी आजारपणामुळे खानदेशात गावी परतलेली. चार वर्षांच्या धाकट्या भावाकडे पाहणारे या मुलीशिवाय घरात कोणीच उरले नव्हते. तिने मला पाणी दिले आणि पहिलाच प्रश्न केला, “बाई, वर्गमुळाचा धडा संपला का हो?” मी खाली मान घातली.

हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचे उत्तरही नवे नाही. सुरतेहून मुंबईकडे जाताना घोलवड आणि डहाणू ही स्थानके लागतात. त्याच परिसरात, बोर्डी येथे, १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यापूर्वी त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले होते. म्हणजे या कार्याची मुळे गुजरातेत आणि महाराष्ट्रात सारखीच रुजलेली आहेत. अनुताई वाघ बोर्डीतच त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले शाळेत येत नसत. ‘या लोकांना शिक्षणाची आवडच नाही,’ असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी तसे केले नाही. मुले दिवसभर काय करतात ते त्यांनी पाहिले. काही मुले गुरे राखीत होती, काही धाकट्या भावंडांना सांभाळीत होती. तेव्हा गुराख्यांसाठी शाळाच कुरणात गेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. भावंडे सांभाळणाऱ्यांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. लहानग्याला पाळणाघरात सोडावे आणि ताईने शेजारच्या वर्गात जाऊन बसावे, इतकी ती साधी योजना होती. पाड्यावरच्या अंगणात भरणाऱ्या बालवाडीला ताराबाईंनी ‘अंगणवाडी’ म्हटले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्यामार्फत अंगणवाडी देशभर पोहोचली.

आमच्या विद्यार्थिनीच्या गल्लीपासून अंगणवाडी थोड्याच अंतरावर होती. आईवडिलांशी बोलणे झाले, धाकट्याचे नाव तेथे नोंदले गेले आणि पुढच्या आठवड्यात ताई वर्गात हजर झाली.

येथे कोणी विचारील, की मुलांना शाळेत पाठविण्याचा कायदा नाही काय? आहे, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे, अशी मागणी महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात असा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण बडोदे संस्थानास लागू केला. आपल्या शेजारचे नवसारी त्याच संस्थानात होते. आज २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाची हमी देतो. परंतु कायद्याने नाव पटावर चढते. मूल बाकावर येऊन बसेलच असे नाही.

एका दिवसाच्या गैरहजेरीने काय बिघडते, असे पुष्कळांना वाटते. थोडा हिशेब करू या. सहावी ते आठवीसाठी वर्षाकाठी किमान २२० दिवस शाळा भरावी, असे हा कायदा सांगतो. महिन्याला दोनच दिवस बुडाले, तरी वर्षाचे सुमारे २० ते २२ दिवस, म्हणजे जवळजवळ एक दशांश शिक्षण जाते. आठ वर्षे हीच सवय राहिली तर १६० ते १७६ दिवस बुडतात. जवळजवळ एका शालेय वर्षाची होळी होते! शिवाय धडे एकमेकांवर रचलेले असतात. अपूर्णांक चुकला की दशांश अडतो, दशांश अडला की टक्केवारी कळत नाही. कळत नाही म्हणून वर्गात लाज वाटते. लाज वाटते म्हणून मूल घरी राहते, आणि घरी राहिले की आणखी कळेनासे होते. शिक्षणशास्त्रात ज्याला ‘गळती’ म्हणतात, तिचा आरंभ अशा लहानशा छिद्रातून होतो.

यात भाषेचाही भाग आहे. आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि पुस्तकात प्रमाण मराठी असते. माझी स्वतःची मायबोली कोंकणी. लहानपणी घरी मी ‘कित्याक?’ असे विचारीत असे, पण वर्गात ‘का?’ विचारताना जीभ अडखळे. म्हणून मी गप्प बसे. गप्प बसणारे मूल वर्गात असूनही अर्धे गैरहजरच असते. त्याने ‘काबर?’ म्हटले काय किंवा ‘केम?’ म्हटले काय, प्रश्न तोच आहे. त्याला हसू नये, उत्तर द्यावे.

सर्वांत मोठा धोका चौदाव्या वर्षानंतर असतो. आठवीनंतर कायद्याचे छत्र संपते आणि हाताला काम मिळू लागते. नववीतील एक मुलगा असाच येईनासा झाला. त्याच्या घरी जायला मला दीड महिना लागला. तोवर तो भरतकामाच्या यंत्रावर रुजू झाला होता आणि घराला त्याच्या पगाराची सवय झाली होती. तो परत आला नाही. लवकर गेले असते तर, हा विचार मला अजून सोडीत नाही. पालकांनी ध्यानात ठेवावे, की पुढील शिक्षणासाठी महापालिकेची ‘सुमन’ हायस्कुले आहेत. सरकारी व अनुदानित शाळांतील नववी ते बारावीच्या पात्र मुलींना गुजरात सरकारची ‘नमो लक्ष्मी’ योजना २०२४ पासून चार वर्षांत मिळून ५०,००० रुपयांपर्यंत साहाय्य देते. मात्र हजेरी ८० टक्के हवी.

तेव्हा आपण काय करावे? पालकांनी लग्नाकार्यासाठी गावी जरूर जावे, पण चार दिवसांचे दहा होऊ देऊ नयेत. अडचण असेल तर ती शाळेला मोकळेपणाने सांगावी, तीत कमीपणा नाही. शिक्षकांनी तिसऱ्या दिवसाच्या आत घरी निरोप धाडावा आणि परतलेल्या मुलाला ‘इतके दिवस कोठे होतास?’ असे दरडावण्याऐवजी ‘ये, बैस’ म्हणावे. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमचा वाटा सर्वांत मोठा आहे. शेजारचा बाक रिकामा दिसला तर त्याच संध्याकाळी मित्राच्या घरी जा. त्याला वही द्या, बुडालेला धडा समजावून सांगा आणि दुसऱ्या दिवशी त्याला सोबत घेऊन या. त्या घराचा रस्ता आम्हा शिक्षकांपेक्षा तुम्हांला अधिक ठाऊक असतो.