सिमेंटचा पत्रा फोडताना

गोठ्यावरच्या, चाळीवरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्याला बळकटी येते ती बहुधा ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे. पत्रा धड आहे तोवर फारसा धोका नाही. घातक असते ती तो कापता-फोडताना उडणारी धूळ. डोळ्यांना न दिसणारे तंतू फुप्फुसात रुतून बसतात. पुढे २०-४० वर्षांनी दम लागतो, कधी फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोग होतो. कामगारांचे धुळकट कपडे धुणाऱ्या बायकांनाही तो झालेला आहे! सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये या उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपायला सांगितले. छपरावर चढणाऱ्या रोजंदारीच्या मजुराची नोंद कोण ठेवणार? त्याने निदान पत्रा पाण्याने भिजवून अख्खा उतरवावा. तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत.