लोखंड कुठं आहे, आधी ते बघ!

पद्मनाभपुर. दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांतली, दुर्गकडची वसाहत. संध्याकाळचे सात वाजलेत. स्वयंपाकघरात आमटीला फोडणी बसलीय आणि आतल्या खोलीत नववीतला एक मुलगा कॉम्प्युटरच्या पडद्यावर नजर लावून बसलाय. पडद्यावर नदी, डोंगर, हिरवा माळ आणि बैलगाडीएवढी दिसणारी माणसांची एक टोळी. या टोळीला शहर वसवायचंय. कुठं?

‘‘नदीकाठी बसव ना. छान दिसेल,’’ आई दारातून सुचवते.

‘‘दिसण्याचं काय घेऊन बसलीस?’’ पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा वर्तमानपत्र बाजूला ठेवतात. ‘‘अरे, लोखंड कुठं आहे, आधी ते बघ!’’

आजोबांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण शहर कुठं वसवावं, हे भिलाईत हयात घालवलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

खेळाचं नाव ‘सिव्हिलायझेशन’. अमेरिकेतल्या सिड मायर यांनी ब्रूस शेली यांच्या साथीनं तो १९९१ साली तयार केला. तेव्हापासून त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. या घरात चालते ती २००१ सालची तिसरी, वडिलांच्या कॉलेजच्या दिवसांतली. नव्या खेळांपुढे तिची चित्रं अगदीच साधी, पण बाप-लेकाचा जीव तिच्यातच अडकलाय. मुलांना त्यातल्या लढाया आवडतात, हे खरं. तरी डाव जिंकायचा की हरायचा, ते बहुतेक वेळा पहिली तलवार उपसण्याआधीच ठरून गेलेलं असतं, शहरं कुठं बसवली यावर.

एक शहर आपल्या आजूबाजूच्या फार तर वीस चौकोनांवर माणसं कामाला लावू शकतं. शहरं दाटीनं बसवली, तर एकमेकांच्या ताटातलं खातात. फार लांब-लांब बसवली, तर मधल्या मोकळ्या जागेत शेजारचा राजा अलगद येऊन बसतो. शहराची संस्कृती, म्हणजे देवळं, ग्रंथालयं वाढली की सरहद्द आपोआप पुढे सरकते. डोंगरातलं लोखंड त्या सरहद्दीच्या आत हवं आणि रस्त्यानं जोडलेलंही हवं. नाहीतर ते असून नसल्यासारखं! कोळशाची तर आणखीच गंमत. वाफेच्या शक्तीचा शोध लागेपर्यंत तो नकाशावर दिसतच नाही. शोध लागल्यावर कळतं, की तो नेमका शेजाऱ्याच्या हद्दीत आहे.

आता नातवाच्या खिडकीबाहेर बघा. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. भिलाई हे तेव्हा मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचं एक लहानसं गाव होतं. मग इथंच का? दक्षिणेला ८०-९० किलोमीटरवर दल्ली-राजहराच्या डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज होतं. चुनखडी जवळच, नंदिनीला. पाणी तांदुळा जलाशयाचं. रेल्वे तर दारातच. भट्टीला लागणारा चांगला कोळसा तेवढा लांबून, झरियासारख्या खाणींतून आणायचा होता. तो आणायला रूळ होतेच. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि देशभरातून माणसं इथं आली. त्यांत मराठी माणसंही होती.

मराठी पावलं मात्र इथं त्याच्या कितीतरी आधी उमटली होती. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांनी रतनपूरच्या राजाला नमवलं. छत्तीसगड ताब्यात आणताना मराठ्यांनी तळ ठोकला होता तो दुर्गला, शिवनाथ नदीजवळच्या उंचवट्यावर. आजोबांनी शाबासकी द्यावी अशीच जागा!

पण मुलूख जिंकणं वेगळं आणि राखणं वेगळं. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये शहर राजधानीपासून जितकं दूर, तितका त्याचा महसूल वाटेत गळतो. त्यावर एक उपाय म्हणजे, दूरच्या मुलखात दुसरा राजवाडा बांधायचा. भोसल्यांच्या घराण्यात हे घडलं. रघूजींचे पुत्र बिंबाजी १७५८ पासून थेट रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. तिथल्या रामटेकडीवरचं राममंदिर त्यांनीच बांधलेलं. १७८७ मध्ये ते वारले आणि पुतणे व्यंकोजी यांनी नागपुरात राहूनच सुभेदारांकरवी कारभार चालवला. पुढे सुभेदार बदलत राहिले, रयतेकडून वसुली होत राहिली आणि नागपूर राहिलं चारशे किलोमीटर लांब. १८१८ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती देखरेख गेली, तेव्हा त्यांनी मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. नंतर रेल्वेही आली ती रायपूर-बिलासपूर मार्गानं. शतकानुशतकं राजधानी असलेलं रतनपूर आडबाजूला पडलं, ते पडलंच.

खेळ एका बाबतीत मात्र सरळसरळ फसवतो. पडद्यावरचा चौकोन रिकामा असतो. टोळी येते, बटण दाबलं की शहर उभं! भिलाईची जमीन अशी रिकामी नव्हती. कारखाना, सेक्टर आणि खाणी यांसाठी अनेक गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. धानाची शेतं, तळी, गावदेवाचे पार होते तिथं. नोकरी मिळाली त्यांचं बरं झालं. पण सेक्टरच्या रुंद, सावलीच्या रस्त्यांवरून फिरताना खाली कुणाचं शेत होतं हे कुणाला आठवतं? खेळ खेळणाऱ्या मुलाला हे घरच्या मोठ्यांनीच सांगायला हवं. कॉम्प्युटर सांगणार नाही.

‘‘आजोबा, माझं लोखंड गेलं!’’ नातू ओरडतो. तिसऱ्या आवृत्तीतला हा खोडसाळ नियम. एखाद्या दिवशी खाण अचानक संपते आणि नकाशावरची खूण पुसली जाते.

आजोबा हसत नाहीत. दल्ली-राजहराचे साठे ओसरत चालले, हे त्यांनी नोकरीत असल्यापासून ऐकलंय. म्हणूनच आणखी दक्षिणेला, नारायणपूर-कांकेरच्या जंगलातल्या रावघाटकडे कारखान्याची नजर गेली. दल्ली-राजहरापासून तिथवर सुमारे ९५ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आखला गेला. नक्षलवाद्यांच्या भीतीत, सुरक्षा दलांच्या पहाऱ्यात तो तुकड्या-तुकड्यांनी पुढे सरकला. तिथंही गावं आहेत, डोंगरातले देव आहेत आणि जंगल जाऊ नये म्हणून झगडणारे आदिवासी आहेत.

‘‘मग आता काय करू?’’ नातू विचारतो. ‘‘शेजाऱ्याकडे आहे लोखंड. हल्ला करू?’’

‘‘आधी विचारून बघ त्याला. देवाणघेवाण होते का तुझ्या खेळात?’’

होते. नातू मसाले देऊ करतो, शेजारचा राजा नाक मुरडतो. मग मसाल्यांच्या जोडीला थोडं सोनं. राजा अजून विचारात पडलेला. स्वयंपाकघरातून तिसरी हाक येते, पानं वाढलीत म्हणून.

‘‘आलो गं, एकच टर्न!’’ नातू म्हणतो. आणि आजोबाही खुर्ची जरा पडद्याजवळ ओढून घेतात.