शितावरून भात, नाकावरून डार्विन

१८३१ साली ‘बीगल’ जहाजाचा तरुण कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय लांबच्या सफरीसाठी निसर्गाचा अभ्यास असलेला एखादा सुशिक्षित सोबती शोधत होता. बावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन त्याला भेटायला आला आणि कप्तानाची नजर डार्विनच्या नाकावर अडकली. चेहऱ्याच्या ठेवणीवरून स्वभाव सांगणाऱ्या योहान लाव्हाटरवर फिट्झरॉयची भारी श्रद्धा. असल्या नाकाच्या माणसात अशा सफरीला लागणारी धमक आणि चिकाटी असेल, हे काही त्याच्या मनाला पटेना. डार्विनने हा किस्सा आत्मचरित्रात मिश्कीलपणे सांगितला आहे. नाकापायी त्याची जागा जवळजवळ गेलीच होती. पुढे जवळपास पाच वर्षं तो त्या जहाजावर राहिला आणि त्या सफरीतून काय निपजलं ते सगळ्या जगाला माहीत आहे.

फिट्झरॉयला हसण्याआधी प्रिन्स्टन विद्यापीठातला २००६चा एक प्रयोग पाहावा. जनीन विलिस आणि अलेक्झांडर तोदोरोव यांनी लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले, तेही सेकंदाच्या दहाव्या भागापुरते. हा माणूस विश्वासू वाटतो का? कर्तबगार वाटतो का? एवढ्या अवधीत धड पापणीही लवत नाही. तरी लोकांनी दिलेली उत्तरं, हवा तेवढा वेळ घेऊन फोटो पाहणाऱ्यांच्या उत्तरांशी बरीच जुळली. पूर्ण सेकंदभर फोटो दाखवल्यावर मत फारसं बदललं नाही. वाढली ती फक्त स्वतःच्या मताबद्दलची खात्री.

सगळ्यांचं एकमत झालं म्हणून ते मत खरं ठरत नाही. पण त्याचे परिणाम मात्र खरे असतात. जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ दाल्गास यांनी स्वित्झर्लंडमधल्या पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना एक खेळ दिला होता. ट्रॉयहून इथाकाला जहाज न्यायचं आहे, या दोन चेहऱ्यांपैकी कप्तान कोण? ते चेहरे फ्रान्सच्या संसदीय निवडणुकीतल्या प्रतिस्पर्धी उमेदवारांचे होते. मुलांनी निवडलेले कप्तान दहापैकी सुमारे सात वेळा खरोखर निवडून आलेले निघाले. मुलं काही भविष्य सांगत नव्हती. मतदारांनीही कळत-नकळत तोच खेळ खेळला असावा, असं मला वाटतं.

त्यातही मेख अशी की फोटो बदलला की स्वभावही बदलतो! तोदोरोव आणि जेनी पोर्टर यांनी एकाच माणसाचे वेगवेगळे फोटो लोकांपुढे ठेवले. एका फोटोत तो भला वाटला, दुसऱ्यात आतल्या गाठीचा. माणूस तोच, फरक फक्त प्रकाशाचा, कोनाचा, ओठांच्या किंचित हालचालीचा.

खरं आश्चर्य सुरू होतं ते माणूस हलायला लागल्यावर. कोलकात्यात जन्मलेल्या आणि दिल्लीहून पुढे हार्वर्डला पोचलेल्या नलिनी अंबाडी यांनी रॉबर्ट रोझेन्थाल यांच्याबरोबर १९९३ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी शिकवणाऱ्यांच्या व्हिडिओतून दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे घेतले, आवाज पूर्ण बंद केला आणि ते अनोळखी लोकांना दाखवले. या अनोळखी लोकांनी दिलेले गुण आणि सत्राच्या शेवटी खऱ्या विद्यार्थ्यांनी दिलेले गुण आश्चर्य वाटावं इतके जुळले. मग तुकडे दोन-दोन सेकंदांवर आणले, तरी मेळ पुरता मोडला नाही. यावर शंका घ्यायला जागा आहे. विद्यार्थ्यांचं मतही पहिल्या तासालाच बनलेलं असेल, तर हा ठशाशी ठसा जुळल्याचा प्रकार झाला.

म्हणून मला जर्मनीतल्या पीटर बोर्केनाऊ आणि आनेटे लीब्लर यांचं काम जास्त आवडतं. त्यांनी लोकांना एवढंच करायला सांगितलं: खोलीत या, टेबलाला वळसा घाला, बसा आणि हवामानाचा अंदाज वाचून दाखवा. (असे अंदाज वर्तमानपत्रात छापायची प्रथा १८६१ साली लंडनमध्ये सुरू केली, ती याच फिट्झरॉयने.) ही चित्रफीत अनोळखी लोकांना दाखवली आणि त्यांचं मत त्या व्यक्तीच्या स्वतःबद्दलच्या मताशी, तिच्या जोडीदाराच्या मताशी ताडून पाहिलं. कोण मनमोकळा, चारचौघांत रमणारा, हे बऱ्यापैकी ओळखता आलं. आवाज चालू असेल तर बुद्धीचा अंदाजसुद्धा प्रत्यक्ष चाचणीतल्या गुणांशी थोडाफार जुळला. आवाज बंद केला की तो गेला.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एक शीत शिजलं असेल तर शेजारचंही शिजलेलं असतं. बोलकेपणाचं तसंच आहे. तो चालण्यात, हातवाऱ्यांत, आवाजाच्या पट्टीत सगळीकडे सारखा पसरलेला असतो, कुठूनही कण उचला. मनातली धास्ती तशी वर येत नाही. प्रामाणिकपणाला तर प्रसंगच लागतो: दुकानदाराने चुकून जास्त सुटे परत दिले, तेव्हा तो दिसणार. टेबलाला वळसा घालताना कसा दिसेल? पण आपलं मन हा फरक करत नाही. बोलकेपणा आणि सचोटी, दोन्हींचा निकाल ते त्याच झटक्यात आणि त्याच ठामपणे देतं.

“आपण बुवा माणूस बघताच ओळखतो,” असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. लॉरेन ह्यूमन आणि जेरेमी बीसान्झ या कॅनडातल्या संशोधकांनी या विषयाची मांडणी केली, तेव्हा चित्र जरा उलटं दिसलं. ओळखणाऱ्या-ओळखणाऱ्यांत फारसा फरक नसतो, ओळखल्या जाणाऱ्यांत मात्र पुष्कळ असतो. काही माणसं कुणालाही चटकन कळतात, काही कुणालाच कळत नाहीत. चटकन कळणारी माणसं बहुधा मनाने स्वस्थ असतात, आत एक आणि बाहेर एक असा प्रकार त्यांच्यात कमी असतो. म्हणजे काकांचा अंदाज बरोबर आला, तर त्याचं बरंचसं श्रेय समोर बसलेल्या पाहुण्याचं असतं.