एका प्रतीचा भरवसा

लिहिलेले टिकावे, ही मानवाची इच्छा लेखनकलेइतकीच जुनी आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात ग्रंथ कसा लिहावा याचे विवेचन केले आहे. अक्षर वाटोळे व मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, हे तर त्यांनी सांगितलेच. पण त्याबरोबर पानाच्या चोहोबाजूंस जागा कोरी सोडावी, असेही बजावले. कागद जुना झाला की प्रथम त्याच्या कडा झडतात. कडेस कोरी जागा असली, तर कागद झडला तरी अक्षरास धक्का लागत नाही. नाश कोणत्या बाजूने येतो हे ओळखून लिहिण्यापूर्वीच त्याची तजवीज करावी, हे त्या उपदेशाचे मर्म होय.

आज पुष्कळसे लेखन कागदावर न होता संगणकावर होते. शाळेतील प्रकल्प, कुटुंबाची छायाचित्रे, दुकानाचा जमाखर्च, शेतीची नोंद, आजीच्या आवाजात मुद्रित केलेल्या ओव्या, हे सारे आता संगणकात किंवा मोबाइलमध्ये राहते. या ठेव्याच्या कडा कोठून झडतात, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

संगणकास अक्षरे कळत नाहीत. त्यास केवळ शून्य आणि एक या दोन खुणा कळतात. अशा आठ खुणांच्या गटास बाइट म्हणतात. देवनागरी लिपीतील एका अक्षरचिन्हासाठी सध्याच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात. ‘कमळ’ हा साधा शब्द लिहिला, तर संगणकात ९ बाइट, म्हणजे ७२ खुणा उमटतात. शब्द टंकित होत असताना या खुणा प्रथम संगणकाच्या कार्यस्मृतीत असतात. या स्मृतीस रॅम म्हणतात. तेथे प्रत्येक खूण म्हणजे एका अतिसूक्ष्म कप्प्यात साठविलेला विजेचा भार असतो. हे कप्पे गळक्या घागरीसारखे असतात. त्यांतील भार सारखा गळत असतो आणि संगणक तो एका सेकंदात अनेक वेळा पुन्हा भरीत असतो. वीज गेली की भरणे थांबते आणि क्षणार्धात सारी स्मृती रिकामी होते. तासभर खपून लिहिलेला निबंध दिवे जाताच नाहीसा होतो, त्याचे कारण हेच. म्हणून लिहिता लिहिता मधून मधून मजकूर ‘सेव्ह’ करावा लागतो. सेव्ह करणे म्हणजे गळक्या घागरीतील पाणी रांजणात ओतून ठेवणे होय.

हा रांजण म्हणजे हार्ड डिस्क, एसएसडी अथवा पेन ड्राइव्ह. अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने १९५६ साली पहिले चकती-साठवण यंत्र बाजारात आणले. त्यात प्रत्येकी २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. कपाटाएवढ्या त्या यंत्रात सारी मिळून ५० लाख अक्षरे मावत. आज बोटाच्या पेराएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये त्याच्या हजारोपट मजकूर मावतो. ही प्रगती थोर खरी. परंतु तिची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. पूर्वी एक वही हरवली, तर एका वहीचे नुकसान होत असे. आता बोटभर वस्तू हरवली, तर अख्खे ग्रंथालय हरवू शकते.

शिवाय हा रांजणही अभंग नाही. हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. त्यांवरील खुणा वाचणारे टोक तबकडीपासून मानवी केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. जोराचा धक्का बसला आणि टोक तबकडीस घासले, तर तेथील खुणा पुसल्या जातात. पेन ड्राइव्हमध्ये फिरणारा भाग नसतो. तथापि त्यातही विजेचा भारच कोंडलेला असतो. वारंवार लिहिण्याने त्याचे कप्पे झिजतात, आणि वर्षानुवर्षे न वापरता ठेवल्यास तो भार हळूहळू झिरपून जाऊ शकतो. म्हणजे कोणतेही साधन घेतले, तरी ते एक दिवस बंद पडणार हे निश्चित. प्रश्न केवळ केव्हा, एवढाच.

तरीही यंत्र बिघडण्याची वाट पाहावी लागतेच असे नाही. मनुष्याच्या हातून घडलेली एक क्षुल्लक चूकही पुरे होते. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या चित्रसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू होते. खेळण्यांची ही कथा सर्वस्वी संगणकावर रेखाटली जात होती. एके दिवशी कोणीतरी फाइली पुसण्याची आज्ञा चुकून भलत्याच ठिकाणी दिली. वुडी या पात्राच्या फाइली पाहत बसलेल्या तंत्रज्ञांना त्या एकामागून एक नाहीशा होताना दिसल्या. घाईघाईने यंत्र बंद करविण्यात आले. परंतु तोपर्यंत चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला होता.

संस्थेने राखीव प्रती ठेवल्या नव्हत्या असे नाही. त्या नियमाने घेतल्या जात होत्या. परंतु त्या उघडून पाहता कळले की, प्रत घेण्याच्या यंत्रणेत काही काळापासून बिघाड झाला होता आणि प्रती अपुऱ्या उतरल्या होत्या. त्या नीट उतरतात की नाही, हे कोणी तपासलेच नव्हते. अशा बिकट प्रसंगी तंत्रविभागातील एक प्रमुख, गॅलिन सुसमन, यांना आठवण झाली की त्यांच्या घरी चित्रपटाची एक प्रत आहे. नुकतेच मूल झाल्यामुळे त्या काही काळ घरून काम करीत असत आणि त्यासाठी फाइलींची प्रत घरच्या संगणकावर घेत असत. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, मोटारीतून जपून आणण्यात आला, आणि हरवलेले काम बहुतांशी परत मिळाले. मोठ्या संस्थेच्या सुसज्ज यंत्रणेने जे साधले नाही, ते घरातील एका प्रतीने साधले.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, मूळ फाइलीजवळच, त्याच यंत्रात ठेवलेली प्रत संकटकाळी फारशी कामास येत नाही. दुसरी ही की, जी राखीव प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती आहे असे समजू नये.

येथे कोणी म्हणेल की, हल्ली सर्व काही क्लाउडमध्ये आपोआप जाते, मग चिंता कशाला? क्लाउड म्हणजे इंग्रजीत ढग. परंतु हा ढग आकाशात नसतो. तोही कोठेतरी जमिनीवर, एखाद्या इमारतीत मांडलेल्या संगणकांचाच असतो, आणि इमारतीस आग लागू शकते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे अशाच एका मोठ्या संगणक-केंद्रास आग लागली. ज्यांनी मूळ मजकूर आणि राखीव प्रत दोन्ही त्याच ठिकाणी ठेवल्या होत्या, अशा काही ग्राहकांचे दोन्ही गेले.

आणखीही एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पुष्कळ सोयी ‘सिंक’ करणाऱ्या असतात. म्हणजे मोबाइलवर जे असेल, तेच त्या क्लाउडमध्येही दाखवितात. हा आरसा होय, प्रत नव्हे. आरशासमोरील दिवा विझला की आरशातील दिवाही विझतो. तद्वत मोबाइलवरील छायाचित्र पुसले की क्लाउडमधीलही पुसले जाते. काही ठिकाणी ते थोडे दिवस कचरापेटीत राहते, एवढाच दिलासा. संगणकास सतत जोडून ठेवलेल्या हार्ड डिस्कचीही तीच गत. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा दुष्ट प्रोग्राम संगणकात शिरला, तर जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते. यास्तव प्रत घेऊन झाली की डिस्क काढून वेगळी ठेवणे श्रेयस्कर.

खुणा सुरक्षित राहिल्या, तरी त्या वाचता येतील असेही नाही. इंग्लंडमध्ये विल्यम राजाच्या आज्ञेने १०८६ साली गावोगावची जमीन व मालमत्ता यांची पाहणी झाली. ती ‘डोम्सडे बुक’ या नावाने चर्मपत्रावर लिहिली गेली. या घटनेस ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नव्या काळाची तशीच नोंद तयार करविली. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत असंख्य शाळकरी मुलांनी, आपापल्या परिसराची माहिती व छायाचित्रे पाठविली. हे सारे त्या काळच्या नव्या पद्धतीच्या लेसर तबकड्यांवर साठविण्यात आले. परंतु त्या वाचणारी यंत्रे लवकरच कालबाह्य झाली. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत तबकड्या वाचणे दुर्घट होऊन बसले आणि त्यांतील माहिती सोडविण्यासाठी तज्ज्ञांना विशेष खटपट करावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र मात्र आजही डोळ्यांनी वाचता येते.

मराठी लेखनाच्या बाबतीतही असेच घडले आहे. पूर्वी संगणकावर मराठी लिहिण्यासाठी अनेक निरनिराळे फाँट वापरीत, आणि प्रत्येकाची सांकेतिक अंकांची जुळणी वेगळी असे. ती फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या प्रणालीने देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास एक कायमचा क्रमांक दिला. म्हणून आज युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी कोणत्याही देशातील संगणकावर मराठीच राहते. जुन्या फाँटमधील लेखन कोणाच्या संग्रही असेल, तर ते वाचता येत आहे तोवरच युनिकोडमध्ये पालटून घ्यावे.

या सर्व अनुभवांचे सार एका सुटसुटीत नियमात आले आहे. पीटर क्रॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. सामान्य घरात हे अवघड नाही. एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या ठेवलेल्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी क्लाउडमध्ये अथवा मामाच्या घरी, एवढे केले तरी पुरे. दर महिन्यास एक दिवस ठरवून प्रत घ्यावी. फाइलीच्या नावात विषय व तारीख लिहावी. केवळ ‘नवीन’ किंवा ‘शेवटचे’ अशी नावे देऊ नयेत, कारण पुढे कोणते शेवटचे हेच कळेनासे होते. वर्षातून दोनदा तरी राखीव प्रतीतील दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात.

चुकून एखादी फाइल पुसली गेलीच, तर गडबडून जाऊ नये. प्रथम कचरापेटीत शोधावे. तेथेही नसेल, तर त्या साधनावर नवीन काहीही लिहू नये. पेन ड्राइव्ह अथवा हार्ड डिस्कवरील फाइल पुसली जाते, तेव्हा बहुधा तिचे अनुक्रमणिकेतील नाव तेवढे खोडले जाते. मजकूर जागीच असतो आणि त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जाणकारास तो परत मिळविता येण्याचा संभव असतो. एसएसडीमध्ये ही आशा फार थोडी. तेथे राखीव प्रत हाच खरा आधार.

अनेक ठिकाणी अनेक प्रती असण्याचे सामर्थ्य केवढे, याचा पुरावा पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करण्याचे काम १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. त्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून शारदा, बंगाली, तेलुगू, मलयाळम इत्यादी लिपींतील शेकडो हस्तलिखिते मिळवून ताडून पाहण्यात आली. कोणत्याही एका पोथीस कसर लागली होती, कोणतीत पाने गळाली होती, कोणतीत लेखकाचा हात चुकला होता. परंतु एकीत जे गेले, ते दुसरीत सापडत होते. काश्मीरपासून केरळपर्यंत ज्या अनाम लेखकांनी दिव्याच्या उजेडात त्या प्रती उतरविल्या, त्यांना त्या एक दिवस एकमेकींच्या उपयोगी पडतील याची कल्पनाही नसेल.

त्यांना एक प्रत उतरविण्यास महिनोन् महिने लागत. आजच्या विद्यार्थ्यास तेच काम काही मिनिटांत करता येते. आजीच्या ओव्या ज्या मोबाइलमध्ये आहेत, तो हातातून निसटण्यापूर्वी तेवढी मिनिटे खर्च करावयाची की नाही, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.