मीठ कोण पाहणार?

यंदा रमजान लागायच्या आठवडाभर आधी माझी नणंद दुबईहून आली. येताना खजूर, अत्तर, मुलांना चॉकलेटं आणि माझ्यासाठी एक मोठं खोकं घेऊन आली. आत स्लो कुकर होता. चिनीमातीचं जड काळं भांडं, वर काचेचं झाकण आणि बटणाच्या खुणा तीनच : 'लो', 'हाय' आणि 'वॉर्म'. "भाभी, चिकन टाकायचं, मसाला टाकायचा, झाकण लावायचं आणि विसरून जायचं. तिकडे सगळ्याजणी असंच करतात," असं म्हणत तिनं चिकनची पाककृती लगेच मोबाइलवर पाठवली.

'विसरून जायचं' हे ऐकूनच मला बरं वाटलं. मी कॉलेजात शिकवते. रमजानात दीडला घरी येते, जोहरची नमाज, थोडं पडणं, मग असर. असरनंतर जी स्वयंपाकघरात शिरते ती मगरिबची अजान होईपर्यंत. रोजेदाराची इफ्तारच्या वेळची दुआ परत फिरत नाही, अशी आपली श्रद्धा. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस रमजानांत ती दुआ मी बहुतेक वेळा हातात झारा घेऊनच मागितली आहे.

त्यात आमचं घर खाण्याच्या बाबतीत भारी चोखंदळ. यांना चिकन भुनलेलंच लागतं, रस्सा अंगाबरोबर. थोरलीला कांद्याचा तुकडा दिसला तरी ताट बाजूला. धाकटा बारा वर्षांचा, यंदा पहिल्यांदाच महिनाभर रोजे धरतोय. त्याला सगळं कुरकुरीत हवं. आणि अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची तक्रार अशी कधी नसते. त्या फक्त खात नाहीत.

अम्मी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. दोन वर्षांपासून इन्शुलिन सुरू आहे, त्यामुळे डॉक्टरांनी रोजे बंद केले. आजाऱ्याला सूट खुद्द कुराणातच दिलेली आहे. बरं होण्याची आशा नसेल तर रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचं, तो फिदया. तोही आम्ही दरवर्षी देतो. पण वयाच्या नवव्या वर्षापासून रोजे धरलेल्या बाईला हे पटवणं सोपं नाही. दुपारी त्या दार लोटून, चोरी केल्यासारखं दोन घास खातात. संध्याकाळी दस्तरखानावर आमच्याबरोबर बसतात, एक खजूर तोंडात टाकतात आणि उठतात. "तुमारा रोजा है, तुम खाओ," एवढंच म्हणतात. गेल्या रमजानात त्यांचं वजन चार किलो उतरलं होतं.

पहिल्या रविवारी कुकर लावला. पाककृतीत होतं तसंच केलं : एक किलो चिकन, कच्चा कांदा, टोमॅटो, आलं-लसूण, दही, मसाले आणि दोन वाट्या पाणी, सगळं एकदम. दुपारी बारा ते सहा 'लो'वर. असरनंतर मी खरंच जानमाजवर बसून राहिले. मन मात्र कुकरकडे.

इफ्तारनंतर झाकण काढलं तर वर पाणी, खाली फाटलेलं दही आणि मध्ये पांढरट चिकन. यांनी एक तुकडा खाल्ला आणि समोशाकडे वळले. थोरलीनं कांदे मोजले. धाकटा म्हणाला, "मम्मी, हे आजारी माणसाचं आहे का?" अम्मींनी वाकून पाहिलं. "क्या गे दुल्हन, मुर्गी कू नहलाए क्या?" आणि नंतर हळूच, "नमक बी नै है।"

मीठ खरंच नव्हतं. रोज्यात चव बघता येत नाही, अंदाजानं टाकावं लागतं. म्हणजे अगदीच बघता येत नाही असं नाही. हनफी फिकहच्या, म्हणजे धर्मनियमांच्या किताबांत लिहिलंय की विनाकारण चव घेणं मकरूह, नापसंत. पण एखादीचा नवरा बदमिजाज असेल, मीठ कमी-जास्त झाल्यावर आकांडतांडव करणारा असेल, तर तिनं जिभेच्या टोकावर चव पाहून थुंकून टाकावी, घशाखाली काही उतरलं नाही तर रोजा तुटत नाही. हे मी यांना वाचून दाखवलं. म्हटलं, "मला ही सवलत मिळते का, ते तुम्हीच ठरवा." हे पेपर वाचत राहिले.

चूक कुठे झाली ते मात्र शोधलं. कुकरमध्ये वाफ बाहेर जात नाही, म्हणून पाणी आटत नाही. उलट चिकनचं पाणी सुटून ते वाढतं. मंद आचेवर कांदा शिजतो, तांबूस होत नाही, मसाल्याचा कच्चा वास जात नाही. दही तासन्‌तास तापलं की फाटतं. आणि झाकण एकदा उघडलं की गेलेली ऊब भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. आमचं झाकण तीनदा उघडलं गेलं होतं. "देखे जरा, जल तो नै रहा," अम्मी म्हणाल्या.

शोधता शोधता या भांड्याची कुळकथाही सापडली. अमेरिकेतल्या आयर्व्हिंग नॅक्सन नावाच्या ज्यू संशोधकाला 1940 मध्ये याचं पेटंट मिळालं आणि 1971 पासून ते 'क्रॉक-पॉट' नावानं घरोघरी पोहोचलं. त्याचं मूळ होतं लिथुआनियातून आलेल्या त्याच्या घरच्यांच्या एका आठवणीत. शब्बाथच्या दिवशी ज्यू घरांत चूल पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी बायका 'चोलंट'चं भांडं गावातल्या बेकरीच्या भट्टीत ठेवून येत. रात्रभर शिजलेलं ते कालवण दुसऱ्या दिवशी गरम मिळे. इबादतीच्या दिवशी बाईला चुलीपासून मोकळं करणारं भांडं! मला ती बाई एकदम ओळखीची वाटली. आपली निहारी, हलीम, औरंगाबादचा नान-खलिया, हे सगळं तरी मंद आचेचंच. फक्त त्या देगेजवळ कोणीतरी जागत बसतं, अधूनमधून चाखतं.

चाखतं! आमच्या घरात रमजानच्या दुपारी चाखू शकेल असं एकच माणूस होतं आणि ते दार लोटून बसत होतं.

दुसऱ्या वेळी सहेरीनंतर गॅसवर तीन कांद्यांचा बिरिस्ता तळला, तो टोमॅटोबरोबर मिक्सरमधून काढला, आलं-लसूण आणि मसाल्यांसह तेल सुटेपर्यंत भुनला आणि फ्रिजमध्ये ठेवला. दुपारी कॉलेजातून आल्यावर मसाला गरम करून त्यात लेगचे तुकडे पाच मिनिटं परतले आणि सगळं कुकरमध्ये घातलं. पाणी अर्धी वाटी. मग अम्मींना म्हटलं, "अम्मी, मेरा रोजा है. पाँच बजे नमक तुम देखना. उसके पहले ढक्कन नै खोलना."

त्या काही बोलल्या नाहीत. पाचला मी असर पढून उठले तर अम्मी स्वयंपाकघरात, हातात बशी. फुंकर घालून त्यांनी रस्सा चाखला, डोळे मिटले. "नमक चुटकीभर डाल. और दही अब्बी नक्को, बाद में." सव्वासहाला त्यांनीच फेटलेलं दही घातलं, शहाजिऱ्याची फोडणी दिली. धाकट्यासाठी दोन तुकडे तव्यावर कुरकुरीत करून घ्यायची कल्पनाही त्यांचीच. मी खोलीत दुआला बसले होते. आतून फोडणीचा आवाज आला आणि पहिल्यांदाच मला उठावंसं वाटलं नाही.

त्या संध्याकाळी यांनी रस्सा पाहून कपाळाला आठी घातली, तेवढ्यात अम्मी म्हणाल्या, "मैं चखी हूँ. नाम नक्को रख." यांनी गुपचूप दोन रोट्या जास्त खाल्ल्या. थोरलीला कांदा सापडला नाही. अम्मी खजूर खाऊन उठल्या नाहीत. मऊ मांस त्यांना दाढांशिवायही चावता येत होतं. अर्धी भाकरी कुस्करून त्यांनी ते सावकाश, सगळ्यांसमोर खाल्लं.

ज्यांना करून पाहायचंय त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. तुकडे लेगचेच घ्या, छातीचे कोरडे पडतात. चिकन गोठलेलं घालू नका. 'लो'वर साडेचार-पाच तास पुरतात. आमच्या कुकरवर दोनशे वॅट लिहिलंय, म्हणजे पाच तासांत वीज फार तर एक युनिट. मध्येच बराच वेळ लाइट गेली तर सगळं लगेच गॅसवर काढून नीट उकळून शिजवा, कोमट तसंच ठेवू नका. राजमा कधी करायचा झाला तर भिजवलेला राजमा आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळा. मंद आचेवरचा अर्धकच्चा राजमा पोट बिघडवतो. आणि मीठ पाहायला घरात कोणी रोजा नसलेलं असेल, एखादी आजी, एखादी बाळंतीण, तर त्यांना आवर्जून बोलवा.

नणंदेचा परवा फोन आला. "भाभी, लावून विसरून जाता ना?" मी म्हटलं, नाही जमत. इथे पहाटे सहेरी आटोपली की आतल्या खोलीतून आवाज येतो, "दुल्हन, आज क्या डालते गे उसमें?"